गोळ्या पाठवत नाहीये, त्याचं कारण

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. तू लिहिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्या औषधाच्या दुकानात आहेत, तुझ्याकडे इंग्लंडात लीड्सला निघालेल्या काकूंच्या बॅगेत सहज बसतील, तरी मी त्या पाठवत नाहीये. लगेच रागावू नकोस. कशासाठी हव्यात हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मुरमांसाठी म्हणालीस, ते खरं असो की अर्धं खरं, मला दोन्ही चालतं. अडचण माझ्या पायाची आहे.

तू झालीस आणि बारशाच्या सुमारास माझा डावा पाय खांबासारखा सुजला. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. पोटात इंजेक्शनं झाली, मग कित्येक महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. घरात ही हकिकत ‘आईचा पाय सुजला होता’ एवढीच उरली, म्हणून तुला ठाऊक नाही.

तुझ्या मैत्रिणीला हैदराबादहून येतात त्या गोळीत सायप्रोटेरोन आणि इथिनिल इस्ट्राडिऑल अशी दोन औषधं आहेत. त्यातलं दुसरं म्हणजे इस्ट्रोजेन, बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकाचा एक प्रकार. त्याने रक्तात गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि सायप्रोटेरोन सोबत असलं की नेहमीच्या माला-डीसारख्या गोळीपेक्षा जरा जास्तच. बहुतेक मुलींना तरीही काही होत नाही. पण जिच्या आईला किंवा सख्ख्या भावंडाला पंचेचाळिशीच्या आत अशी गाठ झालेली असते, तिला तिथले डॉक्टर इस्ट्रोजेनची गोळी सहसा देत नाहीत. मैत्रिणीला जे चालतं ते तुला चालेलच असं नाही, ते एवढ्यासाठी.

आता तिथे काय करायचं ते. व्हिसाच्या वेळी आरोग्य सेवेचे वर्षाला ७७६ पौंड भरले, त्या आकड्यावर बाबा अजून उसासे टाकतात. ते वसूल कर. इंग्लंडमध्ये एरवी चिठ्ठीवरच्या औषधाला पैसे पडतात, गर्भनिरोधकांना पडत नाहीत. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं नसशील तर या आठवड्यात नोंदव. तोवर थांबायचं नसेल तर बऱ्याच फार्मसींमध्ये फार्मासिस्टच विचारपूस करून गोळी सुरू करून देतात. इस्ट्रोजेनची असेल तर रक्तदाब आणि वजन बघतात, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येतात का हेही विचारतील. लैंगिक आरोग्याच्या सरकारी क्लिनिकमध्ये तर जीपीच्या नोंदणीशिवायही जाता येतं.

काउंटरमागे कुणी गुजराती काका निघाले म्हणून ओशाळू नकोस. बोलायला आत वेगळी खोली असते आणि तुझी गोष्ट बाहेर जात नाही. आपल्या दुकानात बायका अजून नाव कागदावर लिहून आणतात आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागतात. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी काढलं त्याच वर्षी. शंभर वर्षं उलटली तरी सांगलीत वर्तमानपत्र लागतंच!

माझ्या अंदाजाने तुला डेसोजेस्ट्रेलची गोळी सुचवतील. त्यात इस्ट्रोजेन नाही. २०२१ पासून ती तिथे चिठ्ठीशिवाय विकतही मिळते, पण फुकट मिळत असताना विकत कशाला घ्यायची? रोज एक, मध्ये खंड नाही, आणि बारा तासांहून जास्त उशीर झाला तर ती चुकली असं धरायचं. पहिले काही महिने पाळी कशीही येते, अधूनमधून डाग पडतात. घाबरून बंद करू नकोस. मुरमांवर मात्र तिचा भरवसा नाही, काहींना उलट वाढतात. मुरमांचं औषध वेगळं माग, दोन्ही कामं एकाच गोळीकडून करून घ्यायचा हट्ट सोड. रोजची आठवण नको असेल तर दंडात कातडीखाली बसवायची बारीक कांडी असते, तीन वर्षं चालते. आपल्याकडे ती फारशी कुणी विचारत नाही, तिथे सर्रास बसवतात.

तिकडे हर्बल दुकानात उदास वाटण्यावर सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती मिळते. थंडीत अंधार लवकर पडला की मुलं ती आणतात म्हणे. तिने या गोळ्यांचा आणि कांडीचाही असर कमी होतो, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नकोस. साध्या अँटिबायोटिकने मात्र तसं होत नाही. उलटी-जुलाब झाले तर गोष्ट वेगळी. आणि गौरी-गणपतीत मामी पाळी पुढे ढकलायला घेते ती गोळी गर्भनिरोधक नव्हे. परीक्षेसाठी म्हणून तीही स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. त्या डोसाला शरीरात तिचं थोडं इस्ट्रोजेन होतं.

कधी अचानक गरज पडलीच तर तातडीची गोळी फार्मसीत मिळते, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं त्याहून खात्रीचं. आणि कंडोम यातल्या कशाने सुटत नाही, रोगांपासून गोळी वाचवत नाही.

माझं त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड कपाटात सापडलं. शाई उडालीय, पण ‘लेफ्ट लेग डीव्हीटी’ (म्हणजे तीच आतल्या शिरेतली गाठ) आणि तारीख वाचता येते. फोटो व्हॉट्सॲपवर टाकते, तो फोनमध्ये ठेव आणि तपासायला जाशील तेव्हा त्यांनी विचारायची वाट न बघता दाखव. काकूंबरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा फोन कर, बाबा बँकेत असतात.

तुझी,
आई