वार्षिक अंकाआधीचा कच्चा खर्डा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांचा मजकूर छपाईला येण्याचे दिवस सुरू झाले आहेत. लक्ष्मीपुरीतील एका छापखान्यात गेली बावीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करतो. विद्यार्थ्यांचे लेख पहिल्यांदा कागदावर जसे उतरतात तसेच माझ्या टेबलावर येतात. फार तर ऱ्हस्व-दीर्घ तेवढे कुणा शिक्षकांनी लाल शाईने सुधारलेले असतात. लेख मुलाकडे परत गेला, त्याने तो पुन्हा वाचला, काही गाळले, काही नव्याने लिहिले, अशी खूण क्वचितच सापडते. उरलेसुरले मी नीट करतो, अंक निघतो आणि आपल्या लेखात काय बदलले, हे लिहिणाऱ्याला कळतही नाही.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलाचा 2019 च्या महापुरावरचा लेख आला. ‘पंचगंगेने रौद्र रूप धारण केले आणि सर्वत्र हाहाकार माजला’ अशी त्याची सुरुवात होती आणि पुढे ‘अधिकाऱ्यांनी रात्रीत राधानगरीचे दरवाजे उघडले’ असे ठाम विधान होते. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात. वाक्य मला जागच्या जागी बदलता आले असते, पण त्याच्या बाईंना विचारून मी त्यालाच बोलावून घेतले, काकपद, म्हणजे राहिलेला शब्द मध्ये घालण्याची खूण, कसे द्यायचे ते दाखवले आणि लेख परत दिला. चार दिवसांनी तो आला तेव्हा दरवाजांचे वाक्य त्याने चौकशी करून दुरुस्त केले होते. ‘पाणी खूप वाढले’ हे खोडून, राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी 43 फूट असून पाणी तिच्याही वर गेले होते, असे लिहिले होते. हाहाकार तर गेलाच होता; त्या जागी ‘पाणी उंबऱ्याला लागल्यावर आजीने आधी गॅसची शेगडी माळ्यावर चढवली, मग देव’ हे वाक्य आले होते. हे पहिल्यांदाच का लिहिले नाहीस, असे विचारले तर म्हणाला, “असलं निबंधात चालतंय व्हय?”

त्याच्या या प्रश्नात दोष त्याचा नाही. दहावीच्या मराठीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत 24 गुण उपयोजित लेखनाला असतात आणि तीन तासांत बाकीची पत्रिका सोडवून ते एका बैठकीत उरकावे लागते. तिथे खाडाखोड म्हणजे गबाळेपणा ठरतो, म्हणून मूल पहिले सुचलेले, त्यातही पाठ असलेले वाक्य निवडते. परीक्षेपुरते ते ठीक, पण अंकासाठी लिहितानाही तीच सवय चालू राहते, कारण दुसरी कोणी लावलेलीच नसते.

शुद्धलेखनाचे महत्त्व मी नाकारत नाही. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या नियमांवरच माझे पोट चालते. परंतु जो परिच्छेद पुढे गळायचा आहे, त्यातील वेलांट्या आधी सुधारण्यात काय अर्थ आहे? आधी सांगायचे आहे ते आले का आणि लिहिलेले खरे आहे का, हे पाहावे, वेलांटी-उकार शेवटी. एका वर्गात साठ मुले आणि शिवाय अशैक्षणिक कामे, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. मात्र पहिले वाचन शेजारच्या बाकावरचा मुलगाही करू शकतो. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचावे, ऐकणाऱ्याने जिथे समजले नाही तिथे थांबवावे, आणि शिक्षकांनी समासात एखादाच प्रश्न लिहावा. खोडरबर किंवा पांढरी शाई न वापरता एक रेघ मारून खोडले, तर आधी काय होते हेही दिसते; बऱ्याचदा नव्या वाक्यापेक्षा खोडलेले वाक्यच चांगले होते असे लक्षात येते.

अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांपैकी काही गुण अशा खर्ड्यांना देता येतील का, याचा विचार शिक्षण मंडळाने करावा. शाळांना मात्र त्यासाठी थांबण्याची गरज नाही. अंकासाठी लेख डिसेंबरऐवजी ऑगस्टमध्ये मागवले, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते मुलांना परत दिले आणि छपाईला पाठवताना पक्क्या प्रतीला कच्चा खर्डा टाचला, तर माझ्यासारख्याला स्वतः वाक्ये बदलावी लागणार नाहीत.

आपला,
एक मुद्रितशोधक, कोल्हापूर