बोडीच्या सांडव्याविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आपल्या बोडीचा, म्हणजे शेतातल्या लहान तलावाचा, सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) दोन फुटांनी उंच करावा, त्याच्या तोंडाला जाळी बसवावी, म्हणजे उन्हाळी धानाला पाणी पुरेल आणि मासेही हाती लागतील, हा तुझा विचार मी लक्षपूर्वक वाचला. शेतीत तुझे मन आहे याचा मला फार आनंद आहे. तरीही सांडव्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मोठे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांचे तलाव, जमीनदारी संपवणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले, पण धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या आपल्यासारख्या बोड्या शेतकऱ्यांच्याच राहिल्या, तेव्हा पाळ, म्हणजे बोडीचा मातीचा बांध, फुटली तर त्याचा जाबही आपणच द्यायचा. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की मागच्या उताराला आधी बारीक घळ पडते, ती धुपत धुपत माथ्यापर्यंत चढते आणि मग पाळ आवरता येत नाही. पाणी माथ्याला पोहोचण्याआधी वाट मिळावी, एवढ्यासाठीच सांडवा खाली ठेवलेला असतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथे एका खासगी क्लबच्या मालकीचे मातीचे धरण होते. त्याचा माथा रस्त्यासाठी उतरवला होता, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या होत्या आणि तळाचे पाणी सोडणारे नळ त्याआधीच काढून टाकलेले होते. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत जाळ्या काटक्याकचऱ्याने तुंबल्या, धरण फुटले आणि खाली जॉन्सटाउनच्या खोऱ्यात 2,209 माणसे दगावली. आपली बोडी त्यापुढे अगदीच लहान, पण तिच्याखाली दुसऱ्यांच्या बांध्या आहेत आणि पलीकडे टोली, म्हणजे लहान वस्ती, आहे. चार मासे वाहून गेले तर जाऊ द्यावेत.

साठा वाढवायचा असेल तर वैशाखात गाळ काढून बांध्यांत टाकू. मात्र पाळीच्या पायथ्याशी खणायचे नाही, कारण तिथला चिकण गाळच पाझर अडवतो. पाळीवरची बाभळीची रोपे लहान असतानाच उपटावी लागतील, कारण मोठ्या झाडाची मुळे कुजली की आत पोकळी राहते. खेकड्यांची बिळे चिकणमातीने ठासून भरायची आहेत. मागच्या पायथ्याला बोटाएवढी धार दिसते, ती मी रोज ओंजळीत धरून पाहतो. पाणी नितळ आहे तोवर पाझर समजावा. गढूळ झाले की आतली माती निघते आहे असे धरून त्याच दिवशी तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, उघडून पाणी उतरवावे लागेल.

मृगापूर्वी आठ दिवसांची रजा काढून ये. ट्रॅक्टरच्या ये-जा मुळे माथा मधोमध खचला आहे. तिथे थराथराने माती टाकून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून घट्ट करून घ्यायची आहे.

तुझे बाबा