काकू, ते नकाराचं पत्र मी जपून ठेवलंय

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

मे महिना लागला की तुमच्या जेवणाच्या टेबलावर जाड लिफाफे दिसायला लागायचे, आणि बेल वाजली की दार उघडायच्या आधी ते कपाटात जायचे. मी पहिल्यांदा आले तेव्हा शेवटचा लिफाफा तुमच्या हातातच होता. काय आहे विचारलं, तर म्हणालात, "दुसऱ्यांची लेकरं आहेत यात." कपाटाला किल्ली लावलीत आणि मगच चहाचं आधण ठेवलंत.

त्या वर्षी १ मार्चला आमच्याकडे मेल आली होती. माध्यमिकला कुठली शाळा मिळाली ते इंग्लंडभर त्याच दिवशी कळतं. लेकीला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नव्हती. मिळाली त्या शाळेत जायला दोन बस. नाशिकहून येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. वर्गात ती बोलायला लागली होती ती एका मैत्रिणीच्या आधाराने, आणि ती मैत्रीण नेमकी आम्हाला हव्या असलेल्या शाळेत चालली होती. माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंतच. प्रवेश म्हटला की आपण आधी ओळख शोधतो. शाळेने जागा नाकारली की पालकांना अपील करता येतं, आणि ते ऐकणाऱ्या पॅनेलवर काकू असतात, असं मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून तुमची बेल वाजवली.

तुम्ही सरळ सांगितलंत, "मी दुसऱ्या काउन्सिलसाठी (म्हणजे दुसऱ्या भागाच्या पालिकेसाठी) बसते. इथे बसत असते तरी तुझ्या अपिलाला मला बाजूलाच व्हावं लागलं असतं. आपली ओळख आहे ना." ज्या ओळखीच्या जोरावर मी आले होते, तिच्याचमुळे तुम्ही बाजूला झाला असतात. त्या क्षणी मला राग आला होता काकू, आज कबूल करते.

पण तुम्ही मला परत पाठवलं नाहीत. मी लिहून आणलेली चार पानं वाचलीत, पेन्सिल घेतलीत आणि पहिली अडीच पानं आडवी रेघ मारून खोडलीत. त्यात सगळं मिळालेली शाळा कशी वाईट आहे तेच होतं. "ती शाळा कशी आहे हे पॅनेल ठरवत नाही. आपल्या पोरीला या शाळेचीच गरज का आहे, ते सांग. आणि सांगशील त्याचा कागद जोड." मग मटार सोलता सोलता सगळी रीत समजावलीत. पॅनेलवर किमान तीन माणसं, त्यांत एक तरी शिक्षणक्षेत्राची माहिती असलेलं आणि एक तरी शाळा चालवण्याशी वा शिकवण्याशी संबंध नसलेलं, तुमच्यासारखं. पगार कुणालाच नाही, येण्याजाण्याचा खर्च मिळतो. पण त्यांनी दिलेला निकाल शाळेवर बंधनकारक असतो. आधी शाळेने सिद्ध करायचं की अजून एक मूल घेतलं तर बाकीच्यांच्या शिक्षणाला बाधा येते. ते सिद्ध झालं, तर पॅनेलने ती अडचण एका पारड्यात ठेवायची आणि या मुलाची गरज दुसऱ्यात. "यात गुपित काही नाही," म्हणालात. "नियमावली नेटवर आहे, कुणीही वाचावी. वाचत नाही कुणी, एवढंच." प्राथमिक शाळेत मदत करणाऱ्या बाईंचं पत्र आणायला, बसचं वेळापत्रक जोडायला तुम्हीच सांगितलंत. माझ्या वतीने एक ओळही मात्र लिहिली नाहीत.

सुनावणीला आम्ही एकवीस पालक होतो. शाळेची बाजू सगळ्यांसमोर एकदाच मांडली गेली. प्रयोगशाळा किती, जेवणाच्या सुट्टीत गर्दी किती, जिन्यांवर काय होतं. मग एकेकाला आत बोलावलं. टेबलापलीकडे तीन अनोळखी माणसं, बाजूला भराभर लिहून घेणारी क्लार्क, एक पाण्याचा जग आणि टिश्यूचा डबा. मधल्या बाईंनी लेकीचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं. मग म्हणाल्या, "घाई करू नका, आम्ही तुमच्यासाठीच बसलोय." आपलं गाऱ्हाणं कुणीतरी घड्याळाकडे न बघता ऐकतंय, हे या देशात आल्यापासून मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

अपील फेटाळलं गेलं.

ते पत्र घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा रडून रडून माझे डोळे सुजले होते. तुम्ही सांत्वन नाही केलंत. चष्मा लावलात आणि पत्र मोठ्याने, ओळ न ओळ वाचलंत. प्रत्येक मुद्द्याला थांबायचात. मैत्रिणीचा मुद्दा: हो, घेतलाय. दोन बस: घेतलंय. बाईंचं पत्र: वाचलंय, त्यातलं वाक्यसुद्धा उतरवलंय. मग ते का पुरेसं ठरलं नाही, तेही लिहिलंय. वाचून झाल्यावर म्हणालात, "बघ, तू बोललीस त्यातलं काही खाली पडू दिलेलं नाही." आणि मग, जरा थांबून, "कधीकधी असं पत्र पाठवून मलाही रात्रभर झोप लागत नाही." टेबलापलीकडच्या माणसालाही ते जड जातं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पुण्यात माझी बहीण त्याच सुमारास आरटीईच्या सोडतीच्या मेसेजची वाट बघत होती. तिला नंबर लागला की नाही एवढंच कळणार होतं. का लागला नाही हे सांगायला सोडतीजवळ काही नसतं. मला हवं ते मिळालं नाही, पण कारणांसकट उत्तर मिळालं, आणि ते वाचायचं कसं हे तुम्ही शिकवलंत.

पुढच्या वर्षी काउन्सिलची जाहिरात तुम्हीच पाठवलीत. "ज्याला असं पत्र आलंय त्याला ते कसं लिहावं हे कळतं," एवढंच खाली लिहिलं होतंत. मी हिशेबाचं काम करणारी बाई, मला कायद्यातलं काय कळणार, असं म्हटलं तर म्हणालात की शिकवतात. खरंच शिकवतात. प्रशिक्षण झालं, आणि यंदा माझा पहिला हंगाम.

आत काय झालं ते सांगता येत नाही, आणि तुम्ही विचारणारही नाही. पण लहान वर्गांच्या अपिलांबद्दल तुम्ही बजावलं होतंत ते आता कळतं. रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली, दुसरीला एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने घातलेली. तिथे पॅनेलला फार थोड्या कारणांवर हो म्हणता येतं: प्रवेशाच्या नियमांतच किंवा ते लावण्यात चूक झाली आणि त्यामुळे जागा हुकली, नाहीतर निर्णयच मुळी अवाजवी होता. आई समोर रडत असते, तिचं म्हणणं मनाला पटतं, आणि हात बांधलेले असतात. "तेव्हा निदान नीट ऐक," म्हणाला होतात. मी ऐकते. बोलताना कुणी अडखळलं तर तुमचाच आवाज कानात येतो आणि मी पेन खाली ठेवते.

लेक दोन बसने शाळेत जाते. पहिलं सत्र कठीण गेलं. आता तिला तिथे तिची माणसं मिळाली आहेत.

इतकी वर्षं बसून तुम्ही यंदा थांबताय असं कळलं. हे सगळं घरी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलूच दिलं नसतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांना हे कामच माहीत नाही. ज्यांच्याकडे वर्षातले काही दिवस आणि शांतपणे ऐकायची ताकद आहे, त्यांनी आपल्या काउन्सिलकडे जरूर विचारावं. आपल्यासारख्या नावांची मुलं दर वर्षी त्या कागदांत असतात.

काकू, मनापासून आभार. जुलैत सुनावण्या संपल्या की येते, मटार सोलायला बसू. तोवर तुम्हीच इकडे आलात, तर दार उघडायला मला जरा वेळ लागेल. कपाटाला किल्ली लावत असेन.

तुमची,
दोन गल्ल्या पलीकडची