खांब रोवायच्या आधी

ती. अण्णा,
शि. सा. नमस्कार.

धाकट्यानं फोनवर सांगितलं की जतचं माळावरचं रान सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सोलर पॅनल बसवायला भाड्यानं द्यायचं जवळजवळ ठरलंय. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख म्हणजे त्या बरडात बाजरी-मटकीतून कधीच सुटणार नाही एवढा पैसा. माझा विरोध नाही. पण करार पंचवीस वर्षांचा, तोवर रान नातवंडांच्या हाती जाईल. ते कशा अवस्थेत परत मिळावं, हे आत्ताच कागदावर यायला हवं. माझं इथलं काम नेमकं हेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडातल्या सोलरच्या रानांत आम्ही वरची १५ सेंटिमीटर माती काढतो: पॅनलखालची, दोन रांगांमधली आणि शेजारच्या मोकळ्या रानातली. दर जागेला हातमोजे बदलायचे, अवजार ब्लीचनं धुवायचं, नाहीतर एकीकडचा डीएनए दुसरीकडे मिसळतो. जिवाणू, बुरशी, सूत्रकृमी, गांडूळ, सगळे मातीत आपापला डीएनए सोडतात. तो काढून त्यातले ठरावीक तुकडे वाचले की कोण कोण तिथं राहतं ते कळतं. एका ग्रॅम मातीत अब्जावधी जिवाणू. नुसत्या डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकानं त्यांची ओळख पटवणं शक्यच नाही.

हे सगळं कशासाठी? स्विंडनजवळच्या वेस्टमिल सौर प्रकल्पात उन्हाळ्यात पॅनलखालची माती मोकळ्या रानापेक्षा ५.२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड आढळली, तो अभ्यास २०१६ साली आला. इथं उन्हाचाच तुटवडा, त्यामुळे पॅनलखाली गवत कमी वाढतं. जतच्या उन्हात तीच सावली मातीला कदाचित मानवेल. मला काळजी आहे ती पावसाची. पॅनलच्या कडेवरून सगळं पाणी एकाच ओळीत पडणार, आणि आपली मुरमाड माती तिथं धुपणार. त्याहून जास्त भीती सपाटीकरणाची. वरचा थर एकदा खरवडला, की त्यातली वस्ती गेली.

अर्थात डीएनएवर सगळा भार टाकू नका. मेलेल्या जिवांचा डीएनएही मातीत बरेच दिवस टिकतो, आणि तिथं कोण आहे हे कळलं तरी ते काय करतंय हे कळत नाही. म्हणून सेंद्रिय कर्ब आणि पाणी मुरण्याचा वेग हेही मोजून ठेवायचं.

यंत्रं रानात यायच्या आधी नमुने घ्यायला हवेत. नंतर तुलना कशाशी करणार? बांधापलीकडच्या आपल्याच पट्टीतलेही घ्या, ती पट्टी पॅनलविना राहील. माती लगेच सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) कोरडी करून पुण्याच्या प्रयोगशाळेत द्यायची. मला पाठवू नका, परदेशी माती इथं आणायला परवाना लागतो.

करारात आणखी दोन गोष्टी घाला: वरची माती हलवायची नाही, आणि तणनाशक मारायचं नाही. गवत मेंढरांनी खाऊ दे. इथंही मेंढ्याच सोडतात. शेळ्या पॅनलवर चढतात, वायरी चावतात. आपली माडग्याळ मेंढी इथल्यांपेक्षा उंच, तेव्हा पॅनलची खालची कड तिच्या मापानं वर ठेवायला सांगा.

आईला नमस्कार. सही करायच्या आधी मसुद्याच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, असं धाकट्याला सांगा.

तुमची,
सुनीता