आई, यंदा वहिनींना बोलव

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

संक्रांत तोंडावर आली, आईची वाणाची खरेदी झाली असेल. म्हणून आजच लिहिते. फोनवर वहिनींना हळदीकुंकवाला बोलवायचा विषय काढला की तू बोलणं दुसरीकडं वळवतेस.

बाबा, नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिकांना वीरमरण आलं, तेव्हा तुम्ही पोगरवाडीला गेला होतात. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकलेला मुलगा, 41 राष्ट्रीय रायफल्सचा कमांडिंग ऑफिसर. त्या रात्री तुम्हाला घास गेला नव्हता. पुढं स्वाती महाडिकांनी वयाची अट शिथिल झाल्यावर परीक्षा दिली, चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि 2017 मध्ये त्या लष्करात लेफ्टनंट झाल्या, हेही तुम्ही येईल त्याला कौतुकानं सांगता.

मग आपल्या आळीतल्या वहिनींचं काय? दादा तिरंग्यात आले तेव्हा अख्खं गाव ‘अमर रहे’ म्हणत स्मशानापर्यंत चाललं. दर 26 जानेवारीला शाळेच्या मैदानावर वहिनींना शाल-श्रीफळ मिळतं. त्याच महिन्यात आपल्याकडं हळदीकुंकू असतं, तेव्हा त्यांचं दार लावलेलं असतं. गेल्या वर्षी त्यांची पोर एकटीच आली होती. तिळगुळाची वडी घेतली आणि हळूच म्हणाली, “मम्मीला पण एक द्या ना.” वडी दिली आपण. वाण मात्र कुणी दिलं नाही. ते माझ्या मनातून अजून जात नाही. दादांसाठी घसा फोडून घोषणा देणारं आपलं गाव त्यांच्या बायकोला कुंकू लावायला बिचकतं, हे मला सहन होत नाही.

आई, लोक काय म्हणतील हे तुझ्या मनात येणारच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला : नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मात्र आधी वहिनींना विचार. नको म्हणाल्या तर आग्रह नको. पण विचारायला तू स्वतः जा, पोरीबरोबर निरोप धाडू नकोस.

आणि बाबा, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तुम्ही असाच ठराव मांडा. सरपंचांच्या कानावर आत्ताच घाला, म्हणजे ऐनवेळी विषयपत्रिकेत नाही म्हणून कुणी अडवणार नाही. मसुदा मी लिहून पाठवते. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मी येतेच आहे.

तुमची,
लेक