राग डॉजर्सवर कशाला?

महोदय,
लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाने २०२४ पाठोपाठ २०२५ मध्येही वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची विजेतेपदाची मालिका) जिंकली आणि ‘पैशाच्या जोरावर चषक विकत घेतला’ ही ओरड पुन्हा सुरू झाली. मी न्यूयॉर्क मेट्सचा चाहता. आमच्या मालकांनी हुआन सोटो या खेळाडूशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. पहिल्याच हंगामात संघ प्लेऑफलाही (अंतिम बाद फेऱ्यांनाही) पोहोचला नाही! श्रीमंत यांकीज संघ २००९ नंतर विजेतेपदाविना कोरडाच. उलट टॅम्पा बे रेज हा संघ तुटपुंज्या खर्चात २०२० ची वर्ल्ड सिरीज खेळला (हरला, तोही डॉजर्सकडूनच). डॉजर्सचा खेळाडू ओहतानी याच्या करारातील ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी करार संपल्यावर देण्याची मुभा बेसबॉलच्या नियमांतच आहे. बदलायचे तर ते नियम बदला.

– एक बेसबॉलप्रेमी, न्यू जर्सी