वाचनालयाच्या ताईंना, शाल-नारळाऐवजी हे पत्र

ताई, नमस्कार.

तुम्ही साताऱ्याला मुलाकडे राहायला जायच्या आधी कमिटीने सत्काराचं काढलं होतं, तर तुम्ही शाल, नारळ, फोटो सगळ्यालाच सरळ नाही म्हणालात, त्या पैशात बालविभागाला पुस्तकं घ्या म्हणालात. ती घेतली. पण आमचं बोलायचं राहूनच गेलं ना. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, आवडणार नाही तुम्हाला, गावाचंही घालत नाही, पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव एवढं पुरे.

जे वाचतायत आणि ताईंना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, 'ड' वर्ग. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यावर अनुदान ठरतं, ड म्हणजे सगळ्यात शेवटचा. त्यातच पेपर, मासिकं, लाईटबिल, नवीन पुस्तकं आणि ग्रंथपालाचा, म्हणजे ताईंचा, पगार बसवायचा. पगाराचा आकडा मी इथे लिहीत नाही, लिहिताना कसंतरी होतं. एवढ्या पैशात कोणी नुसतं कुलूप उघडून, टेबलावर पेपर टाकून बसलं असतं तरी गावात कोणी एक शब्द बोललं नसतं.

आणि आधी तसंच होतं. सकाळी चार-पाच बाप्ये पेपर वाचून जायचे, संध्याकाळी पोरं भरतीच्या जाहिराती बघायला यायची. बाई त्या खोलीची पायरी चढायची नाही. बंदी कोणी घातली नव्हती, पण आपलं तिथे काय काम असंच वाटायचं. मी बारावी झालेली, माहेरी वाचायची सवय, तरी लग्न होऊन आल्यापासून मी त्या दारात उभी राहिले नव्हते.

तुम्ही आमच्या बागेत आलात तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. द्राक्षाचं थिनिंग, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायचं काम, चालू होतं, आम्ही सगळ्या मांडवाखाली कात्री घेऊन उभ्या, माना वर करून करून अवघडलेल्या, आणि तुम्ही पिशवीतून मासिक काढून म्हणालात, "तुमचे हात कामात आहेत, कान मोकळे आहेत ना, मी वाचते." आणि वाचायला लागलात! मुकादम बघत राहिला. त्या दिवशी कामही नेहमीएवढंच झालं, म्हणून परत कोणी अडवलं नाही.

तिथनं मग बाजाराच्या दिवशीचा वाचनकट्टा सुरू झाला, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. देवळाच्या सभामंडपात बसायचं, वीसेक मिनिटं एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मेथी निवडत बसलं तरी चालेल, लेकरू मांडीवर असलं तरी चालेल. वाचता येत नाही हे कारणच तुम्ही शिल्लक ठेवलं नाहीत.

पण ताई, मला आभार मानायचेत ते वाचनाच्या पुढच्या गोष्टीचे. वाचून झालं की तुम्ही एकेकीकडे बघून विचारायचात, "तुला काय वाटलं?" आणि थांबायचात. उत्तर येईपर्यंत थांबायचात. सुरुवातीला इतकं अवघड व्हायचं ते! आम्हाला आयुष्यात स्वयंपाकात काय करू, डब्याला काय देऊ याच्यापलीकडे कोणी काही विचारलेलं नसतं हो. मग एखादी म्हणायची "चांगली होती गोष्ट", आणि तुम्ही म्हणायचात, "चांगली म्हणजे काय, कुठे चांगली वाटली ते सांग." त्या एका प्रश्नातून आमची सुटका होत नव्हती म्हणूनच आम्ही बोलायला शिकलो.

ती हक्कसोडपत्राची, म्हणजे बहिणीने माहेरच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदाची, कथा आठवते का? जुन्या दिवाळी अंकातली, बहीण राखीपौर्णिमेला माहेरी येते आणि भाऊ तिला तलाठ्याकडे घेऊन जातात ती. वाचून झाल्यावर सभामंडपात कोणी बोलेचना. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेत कधी गेल्या नाहीत, कट्ट्यावर आल्या की खांबाला टेकून गप्प बसायच्या. त्या दिवशी त्याच आधी बोलल्या. "म्या बी दिला हुता अंगठा. दिला त्याचं काय न्हाई, भावांस्नीच दिला. पर कागदावर काय लिवलंय ते कुणी वाचूनच दावलं न्हाई, आन मीबी इचारलं न्हाई." एवढंच बोलल्या. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहते, मला हे माहीत नव्हतं. आणि मग एकेक करून सगळ्या बोलायला लागल्या, कोणाची सही घेतली, कोणी स्वतःहून केली, कोणाचं माहेर सही नाही केली म्हणून तुटलं, अंधार पडला तरी कोणी उठेना.

तुम्ही त्यावर भाषण दिलं नाहीत हे मला फार मोठं वाटतं. सही करा किंवा करू नका असं काहीच म्हणाला नाहीत. पुढच्या वेळी फक्त कायद्याची माहिती घेऊन आलात, की हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रात 1994 सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. तेही वाचून दाखवलंत आणि परत तोच प्रश्न, काय वाटलं. त्यानंतर आमच्यातल्या एकीने माहेरी जाऊन सही केली, पण आधी कागद पूर्ण वाचून. दुसरीने नाही केली. दोघी कट्ट्यावर एकमेकींच्या शेजारी बसतात.

साहित्य कशासाठी, असं कोणी विचारलं की मोठमोठी उत्तरं देतात लोक. मला विचाराल तर मी ती संध्याकाळ सांगेन.

2019 च्या पुराचं तर किती लिहू. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळीच 45 फूट आहे, आणि काठावरच्या गावांची काय गत झाली ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. सांगलीचं नगर वाचनालय दीडशे वर्षांचं जुनं, तिथेही पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. आमच्या एका खोलीचं कोण विचारतंय! तुमच्या स्वतःच्या घरात चिखल होता, धान्य गेलं होतं, आणि पाणी ओसरल्यावर तुम्ही घर तसंच टाकून आधी वाचनालयाचं दार ढकललंत. मी होते सोबत. दार उघडेना, आतून पुस्तकं फुगून कपाट पुढे सरकलं होतं. खालच्या कप्प्यांतल्या पुस्तकांचा लगदाच झालेला, ती पाटीनेच उचलावी लागली. वरची ओली होती, कडा काळपट, वास तर असा की डोकं उठावं.

सगळे म्हणाले उन्हात टाका. तुम्ही म्हणालात, ऊन नको, उन्हात पानं वाकडी होतात आणि कडक पडतात, सावली पाहिजे आणि वारं पाहिजे, आणि लवकर पाहिजे, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. सावली आणि वारं म्हटल्यावर माझ्या धाकट्या जावेला सुचलं, अहो मग बेदाण्याचं शेड! आणि खरंच की, बेदाणा तसाच तर वाळवतात, सावलीत, जाळीच्या रॅकवर, चारी बाजूंनी वारं खेळतं ठेवून, ऑगस्टमध्ये शेड रिकामंच असतं आणि माळावर असल्याने तिथे पाणीही नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री घालून पुस्तकं माळावर नेली. जिथे द्राक्षाचे घड पसरतो त्या जाळीवर पुस्तकं उभी केली, पानं पंख्यासारखी उघडून, मध्ये मध्ये जुन्या पेपरचे कागद घालायचे, ओले झाले की बदलायचे. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं चिकटून वडी झाली, ती नाहीच सुटली, लहान मुलांची होती ती सगळी, त्याचं फार वाईट वाटलं. पण साध्या कागदाची बरीच वाचली. तुम्ही दाखल नोंदवही मांडीवर घेऊन बसला होतात, प्रत्येक पुस्तकाचा नंबर शोधून त्यापुढे खूण, हे आहे, हे गेलं.

आणि पानं उलटता उलटता बायका वाचायला लागल्या. कागद बदलायला गेलेली बाई पाच मिनिटं झाली तरी तिथेच उभी. माझ्या पुतणीने एक चरित्र असं रॅकपाशी उभ्या उभ्याच वाचून संपवलं. आमच्या वाचनालयाला खरे सभासद त्या शेडमध्ये मिळाले असं मी कमिटीच्या मीटिंगमध्येही सांगितलंय.

तुमच्यामुळे आम्हाला आपला मुलूख कळला, हेही लिहायलाच पाहिजे. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवरनं आम्ही शंभरदा गेलो असू, कारखान्याचं गाव म्हणून माहीत, पण तिथून 1930 साली 'स्त्री' नावाचं मासिक निघायला लागलं आणि त्यात त्या काळात बायकांच्या शिक्षणाचं, संसाराचं, मनातलं छापून यायचं, हे आम्हाला कोणत्या शाळेने सांगितलं? अण्णाभाऊ साठे शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, एवढं मोठं लिहिणारा माणूस शाळेत फारसा गेलेला नाही, हे ऐकून आत्यांना केवढा धीर आला. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला आम्ही लहानपणापासून जातो, पण तिथे 1939 पासून दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, आणि आपण जाऊन पुढे बसायचं असतं, हे तुम्ही दाखवलंत. पहिल्या वर्षी आम्ही मागे उभ्या होतो. दुसऱ्या वर्षी सतरंजीवर पुढे.

महाबळेश्वरजवळच्या भिलारची ट्रिप पण. 2017 मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं आणि तुम्ही लगेच म्हणालात जायचं. लोकांच्या राहत्या घरात पुस्तकांची कपाटं, एका घरात बालसाहित्य, एका घरात इतिहास, एका घरात संतसाहित्य, कोणीही या, बसा, वाचा, पैसे नाहीत. बाकीच्या स्ट्रॉबेरी बघत होत्या आणि आत्या त्या घरमालकिणीला विचारत होत्या, रोज एवढी माणसं येत्यात, तुझ्या घरच्या कामाचं कसं गं. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. अशा मोठ्या उपक्रमांची बातमी होते, पण त्याच्या मागे कोणीतरी बाई रोज अंगण झाडते, आल्या-गेल्याला पाणी देते, ते बातमीत येत नाही.

ओव्यांच्या रजिस्टरचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे तुम्ही मोबाईलवर दाखवलंत, बायकांच्या आवाजात ऐकवलंत. आत्या म्हणाल्या, ह्या मलाबी येत्यात की. तेवढ्यावर तुम्ही दोनशे पानी रजिस्टर आणलंत. आणि नियम केलात, ओवीपुढे सांगणारीचं पूर्ण नाव आणि तिचं माहेर लिहायचंच. एकजण म्हणाली नाव कशाला, ओवी काय कोणाची एकटीची असते का. तुम्ही म्हणालात, ओवी सगळ्यांची, पण लक्षात ठेवली हिने. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला शाळेत त्याच बायकांना स्टेजवर बसवून त्यांच्याच ओव्या म्हणायला लावल्यात, नातवंडं खाली बसून ऐकत होती. आत्यांचं नाव माईकवरनं पुकारलं गेलं. लग्नानंतर त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने कोणी घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आत्या गेल्या वर्षी गेल्या, तुम्हाला माहीतच आहे. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर बऱ्याच ओव्या आहेत. माझ्या मुलीला त्यातल्या काही पाठ झाल्यात. हे तुम्ही केलंत नसतं तर आमच्याकडे त्यांचा एक फोटो आणि सातबारावरची नोंद एवढंच राहिलं असतं. ताई, याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही.

आता इकडची खबर. किल्ली माझ्या पुतणीकडे आहे, ती बाहेरून बी.ए. करतेय, ग्रंथपालनाचा कोर्सही करणार म्हणते. कट्टा चालू आहे, फक्त छाटणीच्या घाईत एखादा बाजार चुकतो. मधे विषय निघाला की कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद ठेवतात, तसं आपल्याकडे करायचं का. अर्ध्या जणी हो म्हणतायत, अर्ध्या म्हणतात सक्तीने नको, ज्या घरात कोणीतरी मोठ्याने वाचतं तिथे टीव्ही आपोआप बंद होतो. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण तुमचं मत पाहिजे. यावेळी आम्ही विचारतोय, तुम्हाला काय वाटतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार आहोत.

दुसरं रजिस्टर सुरू केलंय. पहिल्यातल्या काही पानांवर तुमचं अक्षर घाईतलं आहे, माहेरच्या गावांची नावं लागत नाहीत, ती तुमच्यासमोर बसूनच लावावी लागतील. तर संक्रांतीला औदुंबरला यायचं जमवा. साताऱ्याहून रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरा, फोन करा, आम्ही गाडी घेऊन येतो. मुक्कामाचीच तयारी करून या.

तुमची,
वाचनकट्ट्यावरची एक